वाकड्या कॅनालमध्ये रोटरी फाइल वारंवार तुटते? कंपनी बदलण्याआधी तुटलेली फाइल नीट बघा

दाताच्या मुळातली नळी, म्हणजे कॅनाल, मोटरवर फिरणाऱ्या रोटरी फाइलने साफ करणाऱ्या आपल्या सगळ्या दंतवैद्यांच्या ओळखीची ही तक्रार आहे. खालची दाढ, मेसिअल, म्हणजे पुढच्या बाजूचं मूळ. दहा नंबरची बारीक हातफाइल तळापर्यंत जाते, ॲपेक्स लोकेटर (मुळाचं टोक शोधणारं यंत्र) व्यवस्थित वाचतो, एक्स-रेवर वळणही फार भयंकर दिसत नाही. रोटरी फाइल आत जाते, मोटरचा आवाज जरासा बदलतो आणि बाहेर आलेली फाइल आखूड असते. नागपूरच्या मानेवाडा रोडवरच्या माझ्या दवाखान्यात एका वर्षात हे सहा वेळा घडलं. सुरुवातीला प्रत्येक वेळी मी एकच केलं, फाइलची कंपनी बदलली. तीन कंपन्या झाल्या तरी फाइली तुटतच राहिल्या.

मग धंतोलीत प्रॅक्टिस करणाऱ्या एका एंडोडॉन्टिस्ट (रूट कॅनालच्या तज्ज्ञ) मॅडमना फोन केला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुटलेल्या फाइलीची उरलेली दांडी ठेवली आहेस का?" सुदैवाने असिस्टंटने चार पाकिटात टाकून ठेवल्या होत्या. पुढच्या दोन मी स्वतः जपल्या. खरं कारण त्या सहा दांड्यांनीच दाखवलं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

तुटलेलं टोक काय सांगतं

लूप (डोळ्यांवरचं भिंग) लावा, नाहीतर मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढा आणि तो मोठा करून बघा. तुटलेल्या जागेजवळचे पीळ सैल पडलेले, उलगडलेले किंवा उलटे फिरलेले दिसले, तर फाइलचं टोक कुठेतरी अडकलं होतं आणि मागची दांडी फिरतच राहिली होती. हा टॉर्शनचा बळी. पीळ जसेच्या तसे आहेत, काही बिघाड नाही आणि फाइल सुरीने कापल्यासारखी सपाट तुटली आहे, तर ती वळणात फिरून फिरून थकली होती. हा सायक्लिक फटीग. तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसंच हे. फाइल वळणात प्रत्येक फेरीला एका बाजूने ताणली जाते आणि दुसऱ्या बाजूने दाबली जाते. मिनिटाला ३०० फेऱ्या म्हणजे मिनिटाला ३०० वेळा तीच तार वाकवणं.

सत्तपन आणि सहकाऱ्यांनी २००० साली वापरून टाकलेल्या रोटरी फाइली तपासल्या होत्या. तुटलेल्यांपैकी साधारण ५६ टक्के टॉर्शनने आणि ४४ टक्के फटीगने गेल्या होत्या. म्हणजे दोन्ही कारणं जवळजवळ सारखीच नेहमीची आहेत. पण दोघांचे उपाय वेगळे आणि काही बाबतीत चक्क उलटे आहेत. फाइल जितकी जाड, तितका तिला पीळ सहन होतो, पण वळणात फिरणं तितकंच जड जातं. बारीक फाइलचं नेमकं उलटं. त्यामुळे कारण न शोधता "मजबूत" फाइल घेतली आणि आजार फटीगचा असला, तर आपण रोग वाढवतो. मी तेच करत होतो.

माझ्या सहापैकी पाच फाइली सपाट तुटल्या होत्या. म्हणजे माझा हात जड नव्हता, टॉर्कही (मोटरचा पिळण्याचा जोर) जास्त नव्हता. आता उरलेल्या दांडीची लांबी मोजा आणि फाइलच्या मूळ लांबीतून वजा करा, म्हणजे फाइल टोकापासून किती अंतरावर तुटली ते कळतं. दोन टोकापासून तीनेक मिलिमीटरवर तुटल्या होत्या. तिथे वळण होतंच, आश्चर्य नव्हतं. उरलेल्या तीन मात्र सात ते नऊ मिलिमीटरवर, म्हणजे मुळाच्या वरच्या भागात तुटल्या होत्या. एक्स-रेवर तिथे कॅनाल सरळ होता. फाइल थकण्यासारखं वळण तिथे आलं कुठून?

खर्रा आणि दुसरं वळण

ते तिन्ही पेशंट खर्रा खाणारे होते. नागपुरात आणि सगळ्या विदर्भात खर्रा काय चीज आहे हे सांगायला नको. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून दिवसभर गालात ठेवायचा. त्यातल्या सुपारीमुळे सबम्यूकस फायब्रोसिस होतो, गाल कडक होतात आणि तोंड उघडणं दरवर्षी थोडं थोडं कमी होत जातं. उमरेडहून आलेला एक पेशंट मला म्हणाला होता, "डॉक्टरसाहेब, तोंड येवढंच उघडते जी, आता पाणीपुरी बी जात नाही." मी मोजलं, पंचवीस मिलिमीटरच्या आसपास भरलं. निरोगी माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटं उभी जातात.

अशा तोंडात मागच्या दाढेवर हँडपीस (फाइल फिरवणारं हत्यार) सरळ उभा राहतच नाही. तो पुढे कलतो आणि फाइल मेसिअल कॅनालमध्ये तिरकी शिरते. कॅनालच्या तोंडाशीच तिला एक वळण घ्यावं लागतं, जे मुळात नाही, आपणच तयार केलेलं आहे. फाइल तिथे सर्वात जाड असते आणि जाड फाइल वाकवून फिरवली की ती लवकर थकते. खालच्या टोकाचं वळण तिचं आयुष्य आधीच खात असतं, त्यात हे वरचं. सुपारी चावून चावून झिजलेल्या दाढांमध्ये आतून नवीन डेंटिन (दाताचा आतला कठीण थर) जमून कॅनाल अरुंद झालेला असतो, त्याचाही हातभार लागतो.

म्हणून पहिला उपाय ॲक्सेसचा, म्हणजे दात पोखरून कॅनालपर्यंत केलेल्या वाटेचा. मेसिअल भिंतीवर कॅनालच्या तोंडावर झुकलेला डेंटिनचा त्रिकोण काढा. ऑरिफिस ओपनर किंवा एसएक्ससारखी, कॅनालचं तोंड रुंद करणारी फाइल बाहेरच्या बाजूला, दोन मुळांच्या मधल्या भागापासून दूर, घासत वर आणा. आतली, म्हणजे फर्केशनकडची भिंत खालच्या दाढेच्या मेसिअल मुळात फार पातळ असते, तिथे घासलं तर मुळाला आरपार भोक पडतं. दाढेला पुढे क्राउन बसणारच असेल, तर मेसिओबक्कल कस्प (गालाकडचा पुढचा उंचवटा) आधीच उतरवा. त्या दोन-तीन मिलिमीटरने फाइलचा कोन बराच सरळ होतो. २५ ऐवजी २१ मिलिमीटरची फाइल आणि लहान डोक्याचा हँडपीस घ्या. दहा नंबरची फाइल कॅनालमध्ये सैल सोडून द्या. तिची मूठ सरळ उभी न राहता कलत असेल तर ॲक्सेस अजून झालेला नाही, रोटरीला हात लावू नका.

आता मी प्रत्येक आरसीटीआधी (रूट कॅनाल उपचाराआधी) तोंड किती उघडतं ते कार्डावर लिहितो. आधी लिहीत नव्हतो.

एक्स-रेला न दिसणारं वळण

आयओपीए, म्हणजे तोंडात घेतलेला दाताचा छोटा एक्स-रे, आपल्याला डावं-उजवं दाखवतो. गालाकडे किंवा जिभेकडे वळलेलं मूळ त्यात सरळ दिसतं. वरच्या पहिल्या दाढेचं पॅलेटल (टाळूकडचं) मूळ टोकाला बऱ्याचदा गालाकडे वळलेलं असतं आणि आपण ते सोपं समजतो. दहा नंबरची फाइल आत ठेवून दोन एक्स-रे घ्या, एक सरळ आणि एक नळी वीसेक अंश मेसिअलला सरकवून. फाइल बाहेर काढल्यावर तिचं टोक कुठे वाकलंय तेही बघा. स्टीलची बारीक फाइल कॅनालचा ठसा घेऊनच बाहेर येते, आणि बघायला पैसे लागत नाहीत.

वळणाचा कोन मोजायची श्नायडरची पद्धत १९७१ पासून आपण शिकत आलो: पाच अंशांपर्यंत सरळ, दहा ते वीस मध्यम, पंचवीसच्या पुढे तीव्र. पण कोनाने निम्मीच गोष्ट कळते. प्रुएट आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं की कोन तोच ठेवून वळणाची त्रिज्या पाच मिलिमीटरवरून दोनवर आणली, तर फाइल बरीच आधी तुटते. घाटातलं लांब वळण आणि गल्लीतला काटकोन यांत जो फरक, तोच इथे. शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये अचानक मुरडलेला कॅनाल दिसला, तर तेवढा भाग मी हातानेच करतो. तिथे फिरणारी फाइल नेत नाही, मग ती कितीही महाग असो.

ग्लाइड पाथबद्दल थोडक्यात

दहा नंबर तळापर्यंत गेली म्हणजे ग्लाइड पाथ, रोटरीसाठी आधी तयार केलेली गुळगुळीत वाट, झाला असं नाही. ती अडखळत गेली असेल तर अजून नाही. दहा नंबर एका मिलिमीटरच्या लहान लहान हालचालीत सहज वर-खाली सरकेपर्यंत थांबा, मग पंधरा नंबर. रोटरी हवी असेल तर पाथफाइल १३, १६ आणि १९ अशा २ टक्के टेपरच्या (टेपर म्हणजे टोकापासून वर जाड होत जाण्याचं प्रमाण) आहेत, किंवा प्रोग्लायडर एकच पुरते. माझी उलगडलेली सहावी फाइल इथेच गेली होती. घाईत पंधरा नंबर वगळला होता आणि टोक अडकलं.

मग फाइल कोणती

यावर डॉक्टर मंडळी तासन्तास बोलतात. माझं मत असं की कंपनीचं नाव शेवटी बघावं, आधी मिश्रधातूची अवस्था आणि टेपर बघावा.

निकेल-टायटॅनियमच्या हातफाइली १९८८ मध्ये वालिया, ब्रँटली आणि गर्स्टाइन यांनी ऑर्थोडॉन्टिक (दात सरळ करायच्या) तारेपासून बनवल्या आणि त्या स्टीलपेक्षा दोन ते तीन पट लवचीक निघाल्या. तिथून आजवर नायटाय (निकेल-टायटॅनियम) तारेत मुख्य बदल झाला तो उष्णता-प्रक्रियेचा. साधी नायटाय तोंडाच्या तापमानाला ऑस्टेनाइट अवस्थेत असते: ताठ, स्प्रिंगसारखी, वाकवली की सरळ होणारी. वाकड्या कॅनालमध्ये तिचा हाच गुण दोष ठरतो, कारण ती सरळ व्हायला बघते आणि टोकाला बाहेरची भिंत खाते. उष्णता-प्रक्रिया केलेल्या फाइली त्याच तापमानाला बऱ्याच अंशी मार्टेन्साइट अवस्थेत राहतात: मऊ, वाकवली तशी राहणारी, आणि फटीगला कितीतरी जास्त टिकणारी.

प्रोटेपर युनिव्हर्सल आपल्यातल्या बहुतेकांची पहिली रोटरी. तिच्या एस१, एस२ फाइली वरचा भाग सुरेख मोकळा करतात आणि त्याबाबतीत ती मला आजही आवडते. पण एफ२ टोकाला २५ नंबर, ८ टक्के टेपर आणि एफ३ ३० नंबर, ९ टक्के. तीस अंशांच्या वळणात एवढी जाड, साध्या नायटायची फाइल तळापर्यंत नेणं मी बंद केलं आहे. प्रोटेपर गोल्डचे आकार तेच आहेत, फक्त धातूवर उष्णता-प्रक्रिया झालेली आहे. त्यामुळे ज्यांचा हात युनिव्हर्सलवर बसला आहे त्यांना काही नवं शिकावं लागत नाही. पहिला बदल करणाऱ्याला मी हाच सुचवतो.

प्रोटेपर नेक्स्ट एम-वायरची, म्हणजे उष्णता-प्रक्रिया केलेल्या नायटाय तारेची. तिचा छेद मध्यावरून सरकवलेला आयताकृती आहे, म्हणून ती सापासारखी लहरत फिरते आणि भिंतीला सगळीकडून एकदम चिकटत नाही. एक्स१ म्हणजे १७ नंबर ४ टक्के, एक्स२ म्हणजे २५ नंबर ६ टक्के. मध्यम वळणांच्या बऱ्याच दाढा या दोनांत होतात. वेग ३००, टॉर्क २ न्यूटन सेंटिमीटर.

हायफ्लेक्स सीएम आणि ईडीएम माझ्या खर्रावाल्या पेशंटसाठी सर्वात उपयोगी ठरल्या, आणि त्याचं कारण कॅटलॉगमध्ये ठळक छापलेलं नसतं. या फाइली बोटांनी वाकवता येतात आणि वाकलेल्याच राहतात. तोंड कमी उघडत असेल तर फाइल आधी वाकवून कॅनालच्या तोंडात ठेवायची आणि मग मोटर सुरू करायची. साधी नायटाय वाकवली की लगेच सरळ होते, तिला आत घालायलाच जागा मिळत नाही. ईडीएम विद्युत ठिणगीने घडवलेली असल्याने पृष्ठभाग खडबडीत दिसतो, पण फटीगला ती फार टिकाऊ आहे. वेग ५००, टॉर्क २.५. सीएमचा आणखी एक गुण म्हणजे ताण आला की तुटण्याआधी तिचे पीळ उलगडतात, म्हणजे ती इशारा देते. ऑटोक्लेव्हमधून काढल्यावर पीळ पूर्ववत झाले नाहीत तर ती फेकायची.

खूप अरुंद आणि लांब वळणांसाठी ट्रूनॅटमी. तिची दांडीच मुळात बारीक, कमाल ०.८ मिलिमीटर, आणि प्राइम २६ नंबर ४ टक्के. वरचं डेंटिन वाचतं. मात्र ती नाजूक आहे, ग्लाइड पाथ कच्चा असेल तर तिचा काही दोष नसताना टोक जाईल. वेग ५००, टॉर्क १.५, त्याच्या पुढे नाही.

राहिल्या पुढे-मागे फिरणाऱ्या, म्हणजे रेसिप्रोक आणि वेव्हवन, २०११ च्या सुमाराच्या, आणि त्यांच्या नंतरच्या ब्लू आणि गोल्ड आवृत्त्या. त्या एका दिशेला जास्त फिरून कापतात आणि उलट दिशेला थोडं फिरून सुटतात, त्यामुळे टोक अडकून पिळून तुटण्याची भीती बरीच कमी होते. टॉर्शनने फाइली जात असतील तर हा चांगला पर्याय आहे. पण रेसिप्रोकच्या आर२५ चा टेपर टोकाला ८ टक्के आहे हे विसरू नका. तीव्र वळणात मी रेसिप्रोक ब्लू किंवा वेव्हवन गोल्डची स्मॉल घेतो, तीही तीन टोचण्यांनंतर बाहेर काढून, पुसून आणि कॅनाल धुऊन. कचरा खाली दाबला गेला की कॅनाल बंद होतो. या फाइलींचे दाते उलट्या दिशेचे असतात, साध्या रोटरी मोडवर लावल्या तर कापतच नाहीत. मोटरवरचा मोड असिस्टंटने नाही, डॉक्टरने बघावा.

तीव्र वळणाच्या कॅनालचा शेवट मी २५ नंबर ४ टक्क्यांवर करतो. एस आकाराचा असेल तर २० नंबर ४ टक्क्यांवर थांबतो. एक्स-रेवर गुट्टापर्चा (कॅनाल भरायचा रबरासारखा पदार्थ) बारीक दिसतो, दिसू द्या.

नागपूरचा उन्हाळा आणि हायपो

मे महिन्यात एका मित्राने गंभीरपणे विचारलं होतं की पंचेचाळीस अंशात उष्णता-प्रक्रियेच्या फाइली बिघडतात का. फाइल बिघडत नाही. दातात गेली की ती क्षणात दाताचं तापमान घेते, बाहेर कूलर चालू असो वा बंद. प्रश्न खरा आहे तो गरम केलेल्या हायपोचा, म्हणजे कॅनाल धुण्याच्या सोडियम हायपोक्लोराइटचा. साठ अंशांचं हायपो कॅनालमध्ये असताना फाइल फिरवली तर मार्टेन्साइटचा मऊपणा जातो आणि आपण पैसे देऊन घेतलेला गुण तिथेच संपतो. गरम हायपो शेवटच्या धुण्याला ठेवा.

उन्हाळ्याचा मार बसतो तो बाटलीवर. सोडियम हायपोक्लोराइट उष्णतेने आणि उजेडाने आपली ताकद गमावतं. खिडकीजवळ ठेवलेली पाच लिटरची कॅन जूनपर्यंत नुसतं खारं पाणी होण्याच्या वाटेवर असते. आतला लगदा विरघळत नाही, फाइल त्यात रुतते आणि दोष फाइलला मिळतो. लहान बाटल्या घ्या, गडद रंगाच्या, फ्रीजमध्ये ठेवा. ईडीटीए (कॅनाल धुण्याचं दुसरं द्रावण) आणि हायपो एकत्र करू नका, ईडीटीएमुळे मोकळं क्लोरीन संपतं.

किती वेळा वापरायची

पुढे-मागे फिरणाऱ्या फाइली कंपनी एकाच पेशंटसाठी देते. बाकीच्या आपण पुन्हा वापरतो, हे सगळ्यांना माहीत आहे आणि पेशंटला परवडणारी फी ठेवायची तर मलाही करावं लागतं. पण "चार पेशंट" असा हिशेब चुकीचा आहे. वरच्या पुढच्या दाताचा एक सरळ कॅनाल आणि खालच्या दाढेचे दोन वाकडे मेसिअल कॅनाल यांची किंमत सारखी कशी? मी प्रत्येक फाइलच्या डबीवर कॅनाल आणि वळण लिहितो. तीव्र वळणाच्या एका दाढेत गेलेली फाइल त्याच दिवशी फेकतो, चांगली दिसत असली तरी, कारण फटीग डोळ्यांना दिसत नाही. फाइलचे पैसे वाचवून पेशंटच्या दाढेत तुकडा सोडणं मला आता जमत नाही.

लांबी कमी होत असेल तर

फाइल तुटत नाही, पण वर्किंग लेंग्थ (कॅनालमध्ये फाइल जिथवर न्यायची ती लांबी) दर वेळी एक-दीड मिलिमीटरने कमी येते. बहुतेक वेळा लेज (कॅनालच्या भिंतीत पडलेली पायरी) बनलेला असतो, आणि तो रोटरीपेक्षा स्टीलच्या वीस-पंचवीस नंबरच्या सरळ फाइलने जास्त बनतो. आठ किंवा दहा नंबरचं शेवटचं दोन-तीन मिलिमीटर टोक चांगलं वाकवा, रबर स्टॉपरची खूण वळणाच्या दिशेला ठेवा आणि टोचत टोचत वाट शोधा. वाट सापडली की फाइल बाहेर काढू नका, तिथेच लहान हालचाली करत राहा. लेज घासून गेल्याशिवाय रोटरी नको.

आणि तुटलीच तर

आधी पेशंटला सांगा, त्याच खुर्चीवर, त्याच दिवशी. माझ्या सहाही पेशंटना सांगितलं, एकही भांडला नाही. एक्स-रे घ्या, कार्डावर लिहा. वरच्या भागात, दिसणारा तुकडा असेल तर आठ-दहा नंबरने बाजूने वाट काढून बघा. टोकाकडच्या वळणापलीकडचा तुकडा काढायच्या नादात मूळ पोखरू नका. आधी कॅनाल बऱ्यापैकी साफ झाला असेल आणि मुळाखाली जखम नसेल, तर तुकडा आत राहूनही बहुतेक दाढा टिकतात, फक्त पुढे एक्स-रे घेत राहावं लागतं.

आपल्याकडे मायक्रोस्कोप आणि अल्ट्रासॉनिक नसेल तर पेशंटला ते असलेल्या एंडोडॉन्टिस्टकडे किंवा मेडिकल चौकातल्या शासकीय दंत महाविद्यालयात पाठवा. सोबत दोन्ही कोनांतले एक्स-रे द्या, आणि उरलेली दांडी एका पाकिटात घालून त्यावर फाइलचं नाव, नंबर, टेपर आणि मूळ लांबी लिहा. समोरच्या डॉक्टरला दांडी मोजून तुकड्याची लांबी काढता येते आणि तो कोणत्या धातूचा, कोणत्या छेदाचा आहे हे आधीच कळतं. अल्ट्रासॉनिकचं टोक कुठे लावायचं हे त्यावरच ठरतं.